जुने शब्द, चालू व्यवहार

(शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर अहिल्यानगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय आपल्या रोजच्या बोलण्यातील जुन्या शब्दांचा आहे. तहसील कचेरीत अर्ज दाखल करणारा शेतकरी, शाळेत हजेरी घेणारे गुरुजी आणि ग्रामसभेत ठराव मांडणारे सदस्य दिवसभरात असे कितीतरी शब्द वापरतात, की जे तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या कागदांतही सापडतात. राजवटी गेल्या, नाणी बदलली, वजनेमापे बदलली. शब्द मात्र आपापल्या जागी कामावर रुजू आहेत. हे कसे घडले, हा अभ्यासाचा विषय आहेच. परंतु आपणा मंडळींच्या दृष्टीने त्याला आणखी एक बाजू आहे. यांतील अनेक शब्दांवर माणसाची जमीन, वारसा आणि वाटेचा हक्क अवलंबून असतो. शब्द कळला नाही तर हक्क हातचा जाऊ शकतो. म्हणून या विषयाकडे केवळ गंमत म्हणून पाहता येणार नाही.

शब्दांचे थर

आपला जिल्हा या अभ्यासाला सोयीचा आहे. प्रवरेकाठी नेवासे येथे १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १४९० साली, मलिक अहमद निजामशहाने नगर शहर वसविले आणि हा मुलूख एका स्वतंत्र राज्याचे केंद्र बनला. या राज्याच्या अखेरच्या काळात मलिक अंबर याने जमीनमहसुलाची घडी बसविली. पुढे मोगल आले, पेशवाई आली आणि १८१८ मध्ये इंग्रजी अंमल पक्का झाला. प्रत्येक राजवटीने दप्तरात आपापले शब्द ठेवले. गावपातळीवरचे लिहिणे मात्र बहुतांशी मराठी माणसाच्या हाती राहिले. त्यामुळे फार्सी-अरबी शब्द आले, तेही मराठी प्रत्यय लावून, मराठी वळण घेऊनच आले.

‘महसूल’ म्हणजे मूळ अर्थाने हाती आलेले उत्पन्न. ‘तहसील’ म्हणजे वसुली. ‘तालुका’ या शब्दाच्या मुळाशी संबंध किंवा अवलंबून असणे हा अर्थ आहे, तर ‘जिल्हा’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ बरगडी, बाजू असा आहे. ‘खरीप’ म्हणजे शरद ऋतू आणि ‘रब्बी’ म्हणजे वसंत. ज्या ऋतूत पीक हाती येते, त्याचे नाव हंगामाला मिळाले. शेजारी शेजारी असलेल्या लोणी बुद्रुक आणि लोणी खुर्द या गावांची नावे घ्या. बुद्रुक म्हणजे वडील, मोठे आणि खुर्द म्हणजे धाकटे, लहान. गावे कितीही वाढली तरी हे नाते नावात कायम राहिले.

यांच्याबरोबरीने अस्सल मराठी आणि संस्कृत शब्दही तितकेच टिकले. गावठाण, शीव, शिवार, बांध, वहिवाट, मोजणी, चतुःसीमा हे शब्द कोणत्याही दस्तऐवजात आजही भेटतात. काही शब्द तर दोन भाषांच्या सोयरिकीतून जन्मले. ‘पंचनामा’ या शब्दातील ‘पंच’ संस्कृत आणि ‘नामा’ फार्सी. ‘सरपंच’ या शब्दात ‘सर’ फार्सी आणि ‘पंच’ पुन्हा आपला. अशा शब्दांचे कूळ शोधून त्यांना घरचे किंवा बाहेरचे ठरविणे कठीण आहे, आणि व्यवहाराला त्याची गरजही पडत नाही.

कोशाने काय साधले, काय राहिले

राज्यकारभाराची भाषा ठरवून बदलण्याचा मोठा प्रयत्न छत्रपती शिवाजी महाराजांनी केला. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध करविण्यात आला आणि फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. अष्टप्रधानांची पदनामे बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती झाला.

या पर्यायांचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. ‘पेशवा’ या शब्दाला पर्याय दिला गेला, तरी लोकांच्या आणि इतिहासाच्या तोंडी पेशवेच राहिले. उलट ‘सचिव’ आणि ‘मंत्री’ हे शब्द स्वातंत्र्यानंतर लोकशाहीच्या कारभारात पुन्हा उभे राहिले व आज ते प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहेत. जुनी पदनामे आडनावांतून उरली. चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस, मुजुमदार, पोतदार ही आडनावे म्हणजे जुन्या कचेरीची जणू हजेरीच आहे. ‘चिटणीस’ तर आडनावात थांबला नाही. प्रत्येक पक्षाला आणि कामगार संघटनेला आज एक सरचिटणीस लागतो. चिठ्ठ्या लिहिणारा कारकून संघटनेचा कारभारी झाला.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ हा २६ जानेवारी १९६५ पासून अंमलात आला. पदनाम कोश निघाले, इंग्रजी संज्ञांना पर्याय मिळाले. त्यांतील कितीतरी शब्द रुळले. काही मात्र टिपणीतच राहिले. ‘उपविभागीय अधिकारी’ पाटीवर असतात आणि लोक ‘प्रांतसाहेबां’ना भेटायला येतात. २०२४ साली तलाठ्यांचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले. गावात ‘तलाठी भाऊसाहेब’ हे संबोधन अजून ऐकू येते. यात कोणाचा अनादर नाही. शासन शब्द देऊ शकते. तो टिकतो की नाही, हे त्या शब्दाला गावात काम मिळते की नाही, यावर ठरते. हेच या विषयाचे सूत्र आहे, असे मला वाटते.

काम बदलले, शब्द राहिला

शब्द टिकतो म्हणजे त्याचा अर्थ तसाच राहतो, असे नव्हे. जुन्या कागदांत ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील, गावाचा पुढारी. आज पाथर्डी, शेवगाव किंवा जामखेड तालुक्यातील ऊसतोडणी कामगाराला विचारा. त्याच्या लेखी ‘मुकादम’ म्हणजे टोळी जमविणारा, उचल देणारा आणि हंगामभर हिशेब ठेवणारा माणूस. शब्दातील ‘पुढे असणारा’ हा अर्थ कायम आहे, परंतु गावाचा पुढारी आता टोळीचा पुढारी झाला. त्याच व्यवहारात ‘कोयता’ हे हत्यार मोजमापाचे एकक बनले आहे. एक कोयता म्हणजे ऊस तोडणारे एक जोडपे, आणि एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. या एका शब्दात माणसाचे श्रम आणि त्याची अगतिकता दोन्ही सामावलेली आहेत.

प्रवरानगर येथे १९५० साली सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी उभ्या राहिलेल्या या धंद्याची यंत्रसामग्री आधुनिक होती. तरीही गळीत हंगामाचा प्रारंभ ‘गव्हाणीत मोळी टाकून’ होतो. गव्हाण म्हणजे गोठ्यात जनावरांपुढे वैरण टाकण्याची जागा. कारखान्याच्या ज्या पट्ट्यावर उसाची मोळी पडते, त्याला शेतकऱ्याने आपल्या गोठ्यातील नाव दिले. कोणत्याही समितीने हा शब्द सुचविला नव्हता. ज्याला काम करायचे होते, त्याने आपल्या घरातला शब्द बरोबर नेला. पारिभाषिक शब्द कसा असावा, याचा याहून चांगला नमुना क्वचित सापडेल.

दुष्काळाच्या शब्दांचेही असेच आहे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी सुरू झाली आणि आणे व्यवहारातून गेले. पिकाच्या अंदाजाला शासनाने ‘पैसेवारी’ म्हणावयास प्रारंभ केला. तथापि पारनेर-कर्जतकडच्या पारावर आजही ‘आणेवारी किती लागली?’ हाच प्रश्न विचारला जातो. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, निम्मे म्हणजे आठ आणे, आजच्या भाषेत पन्नास पैसे. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की टंचाईच्या सवलतींची चर्चा सुरू होते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळविषयक संहितेनंतर पर्जन्यमान, जमिनीतील ओलावा आदी निकष आले. परंतु शेतकऱ्याने आपली मोजपट्टी सोडलेली नाही.

याच संदर्भात ‘नजरअंदाज पैसेवारी’ हा शब्द येतो. महसुली मराठीत नजरअंदाज म्हणजे पिकाकडे पाहून डोळ्यांनी केलेला अंदाज. हिंदीत ‘नजरअंदाज करना’ म्हणजे दुर्लक्ष करणे. हिंदी वाहिन्या पाहून मोठ्या झालेल्या तरुणाने ‘नजरअंदाज पैसेवारी जाहीर’ अशी बातमी वाचली, तर शासनाने पैसेवारीकडे दुर्लक्ष केले असा समज तो करून घेऊ शकतो. वृत्तपत्रांसाठी वार्ता लिहिताना आम्हा माहिती खात्यातील मंडळींना म्हणूनच अशा शब्दापाशी क्षणभर थांबावे लागते व ‘प्राथमिक पाहणीवर आधारलेली’ एवढे तीन शब्द जोडावे लागतात. तीन शब्दांनी बातमी लांबत नाही. गैरसमज मात्र टळतो.

शाळा आणि पंचायत

शिक्षक मित्रांच्या व्यवहारातही हेच दिसेल. ‘इयत्ता’ हा संस्कृत शब्द ‘इतकेपणा’, म्हणजे मोजमाप, या अर्थाचा आहे. ‘तुकडी’ हा सैन्यातही चालणारा शब्द वर्गाला लागला. ‘रजा’ म्हणजे मूळ अर्थी संमती. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. ‘दप्तर’ तर फार बोलका आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातील अभिलेख हेही दप्तर आणि पहिलीतल्या मुलाच्या पाठीवर असते तेही दप्तरच. कागद कापडात बांधून ठेवण्याची जुनी पद्धत दोहोंच्या मुळाशी आहे. शासकीय कामातील विलंबाला आळा घालणारा २००५ चा अधिनियम लोकांमध्ये ‘दप्तर दिरंगाई कायदा’ या नावानेच ओळखला जातो. अधिनियमाचे पूर्ण नाव फार थोड्यांना सांगता येईल, परंतु दिरंगाई कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

पंचायतींत गणपूर्ती न झाल्यास सभा ‘तहकूब’ होते. ग्रामसभेची ‘दवंडी’ द्यावी लागते आणि आता तीच सूचना भ्रमणध्वनीवरच्या गटातही फिरते. पिंपळाखालची ‘चावडी’ शासनाच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ होऊन बसली आहे. तेथे फेरफाराच्या सूचना घरबसल्या पाहता येतात. ई-फेरफार, ई-पीक पाहणी, जलयुक्त शिवार ही नावे पाहिली म्हणजे संगणकाच्या युगातही शासनाला जुन्याच शब्दांचा आधार घ्यावासा वाटला, हे लक्षात येते. आदर्श गाव योजनेतील चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी यांतील ‘बंदी’ ही जमाबंदी आणि तटबंदी यांतलीच. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने पावसाच्या पाण्याचा वार्षिक ‘ताळेबंद’ मांडण्याची प्रथा घालून दिली. हिशेबाच्या वहीतला हा शब्द पाण्याला लावताच पाणी ही जमाखर्चाची वस्तू आहे, हे गावाला वेगळे शिकवावे लागले नाही.

जेथे शब्दाने नुकसान होते

आतापर्यंत आपण जुन्या शब्दांचे गुण पाहिले. आता दुसरी बाजू. काही शब्द केवळ कारकुनाच्या लेखणीत जिवंत आहेत, ज्याच्याविषयी ते लिहिले जातात त्याला ते उमगत नाहीत. येथे खरा प्रश्न उभा राहतो.

सातबारा उताऱ्याचेच उदाहरण घेऊ. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांच्या क्रमांकांचा मिळून हा शब्द झाला आणि तो इतका रुळला की ‘हे काय तुझ्या सातबाऱ्यावर आहे काय?’ असे आपण भांडणातही म्हणतो. परंतु उताऱ्याच्या आतील मजकूर सर्वांनाच कळतो असे नाही. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अर्थात कर्ता. पूर्वी एकत्र कुटुंबातील थोरल्या भावाचे नाव अशा शेऱ्यासह लागत असे. याचा अर्थ जमीन त्या एकट्याची, असा होत नाही. तो घरातील सर्वांच्या वतीने नोंदला गेलेला असतो. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. येथे ‘अज्ञान’ म्हणजे अडाणी नव्हे. कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालील मूल अज्ञान आणि वयात आलेला तो सज्ञान. मूल सज्ञान होऊन त्याचे केस पांढरे झाले तरी हा शेरा उताऱ्यावर तसाच राहिल्याची उदाहरणे महसूल खात्यातील मंडळींना ठाऊक आहेत. अशा कालबाह्य नोंदी काढून टाकणे आणि मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे, यासाठी शासनाने मोहिमा घेतल्या. २०२५ मधील वारस नोंदींच्या मोहिमेला ‘जिवंत सातबारा’ असे नाव दिले गेले, ते योग्यच होते.

‘हक्कसोड’ या शब्दाचेही तसेच. भावाच्या सांगण्यावरून बहीण कागदावर सही करते. ‘सोडणे’ हे क्रियापद तिला कळते, परंतु नेमके काय सुटले व ते पुन्हा सहजासहजी मिळत नाही, हे तिला सहीपूर्वी कोणी सांगितलेले असतेच असे नाही. ‘नजराणा’ हा शब्द ऐकून तर शेतकरी बिचकतो. पूर्वी दरबारात जी भेट ठेवीत, ती नजराणा. आज भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनीच्या हस्तांतरणासाठी शासनाला जी रक्कम भरावी लागते, तिला हा शब्द वापरतात. ही रक्कम चलनाने शासनजमा होते व तिची पावती मिळते. ती कोणाच्या हातावर ठेवावयाची नसते. एवढे स्पष्ट वाक्य नोटिशीत लिहिले, तर मध्यस्थाचा धंदा बराच कमी होईल.

मुदतीच्या बाबतीत अज्ञान अधिक महाग पडते. फेरफाराची नोटीस मिळाल्यावर हरकत घेण्यास पंधरा दिवस असतात. ‘हरकत’ म्हणजे आक्षेप, हे ठाऊक नसलेला माणूस नोटीस घडी घालून ठेवतो आणि नोंद प्रमाणित झाल्यावर कचेरीत येतो. शेताची वहिवाटीची वाट शेजाऱ्याने अडविली, तर तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. या कायद्याचे नाव मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६. मामलेदार पद पाटीवरून गेले, ठाण्यात ते मिसळीच्या नावात उरले, परंतु या कायद्यात ते अजून अधिकार गाजविते. शोधणाऱ्याला ‘तहसीलदार’ या नावाने हा कायदा सापडावयाचा नाही.

आणि काही शब्द असे आहेत, की जे टिकू देऊच नयेत. वस्त्यांना आणि रस्त्यांना दिलेली जातिवाचक नावे जुनी होती, सर्वांना कळत होती आणि रोजच्या वापरात होती. तरीही त्या शब्दांनी माणसाचा अपमान होत होता. म्हणून २०२० साली राज्य शासनाने ती नावे बदलण्याचा निर्णय घेतला. जुनेपणा हा काही शब्दाला मिळालेला इनामी हक्क नव्हे.

आपले काम

तेव्हा शब्दाला तीन प्रश्न विचारावेत. ज्याच्यासाठी तो लिहिला त्याला तो कळतो काय? कळत असेल तर तो जुना असो, फार्सी असो, त्याला हात लावू नये. आणेवारी, बांध, बोजा, पंचनामा यांच्या जागी नवे जड शब्द आणण्यात लाभ नाही. शब्द कळत नाही, पण कायद्याने आवश्यक आहे काय? तर तो ठेवावा आणि त्याच्या शेजारी सोप्या मराठीत एक ओळ लिहावी. शब्दाने कोणाचा मान दुखावतो काय? तर तो सोडून द्यावा.

अधिकारी मित्रांना माझी विनंती अशी की, नोटीस काढताना तिच्या शेवटी ‘आपण काय करावयाचे आणि केव्हापर्यंत’ हे एका वाक्यात लिहावे. संगणकावरचे छापील नमुनेही याला अपवाद नसावेत. पंचायत सदस्यांनी चावडीवर लागलेली सूचना ग्रामसभेत मोठ्याने वाचून तिचा अर्थ सांगावा. बायाबापड्यांना हक्कसोड आणि वारसनोंद यांतील भेद समजेल, इतका वेळ त्यासाठी द्यावा. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना घरचा सातबारा आणावयास सांगून त्यातील शब्दांची यादी करवून घ्यावी. आजोबांना अर्थ विचारावा आणि आजोबांनाही न कळलेला शब्द गुरुजींनी शोधून द्यावा. ज्या शिक्षकांना आवड असेल, त्यांनी मोडी लिपीही शिकून घ्यावी. २०२३ पासून जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती वाण आहे, हे सर्वांनाच कळून आले.

आपल्या जिल्ह्याचे नावही आता अहिल्यानगर झाले आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे हे नाव २०२४ मध्ये स्वीकारले गेले. जुन्या दस्तांवर अहमदनगर राहील, नव्या दस्तांवर अहिल्यानगर येईल आणि एस. टी. च्या थांब्यावर प्रवासी ‘नगर’चे तिकीट मागत राहतील. कागद कोणत्याही नावाचा असो, त्यावर हक्क लिहिलेला माणूस तोच आहे, हे आपण त्याला सांगितले पाहिजे. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो अभिमान बाळगताना गावच्या शेवटच्या खातेदाराला त्याच्या हातातला कागद वाचता यावा व कळावा, एवढे काम आपण अंगावर घेऊ या.